चार दिवस करंट नसला तर : घराच्या तयारीच्या नोंदी

9 फेब्रुवारी 2025

घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला. घरात आई, आम्ही दोघं, दोन मुलं. मधली भिंत सोडली तर दादा-वहिनी पलीकडच्याच सोप्यात. गोठ्यात दोन म्हशी आणि एक गाय. मी बेळगावात उद्यमबागेत मशीन शॉपला असतो, त्यामुळं लोखंडकाम आणि वायरिंग हाताखालचं आहे. बाकीच्याला माणूस लागणार.

आधी एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो, कारण ज्याला त्याला सांगून दमलोय. मीटर काढायचा नाही आणि बिलही वाचवायचं नाही. कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना 2023 पासून लागू आहे, घराला ठरवून दिलेल्या युनिटच्या (जास्तीत जास्त 200) आत बसलं की बिल शून्य, आणि आम्ही आरामात बसतो. म्हणून सोलरवाला येऊन बिलाचं गणित मांडायला लागला तेव्हा त्याला चहा पाजून वाटेला लावलं. तो सांगत होता ती योजना खरी आहे. पीएम सूर्यघरमध्ये 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान मिळतं. पण ते साधं ऑनग्रिड. लाईन गेली की त्याचा इन्व्हर्टरही आपोआप बंद पडतो, नाहीतर आपला करंट उलटा लाईनीत जाऊन डांबावर चढलेल्या लाईनमनच्या जिवावर उठेल. म्हणजे ज्या दिवशी आम्हाला गरज, त्याच दिवशी छपरावरचं पॅनल शोभेचं.

आमची अडचण जुलै-ऑगस्टची. झाड पडतं, तार तुटते, टीसी (ट्रान्सफॉर्मर) जळतो, ओढ्यावरून पाणी जातं आणि दुरुस्तीची गाडी अलीकडं येत नाही. आज जेवताना सगळ्यांना विचारलं, करंट गेला की काय काय अडतं? मुलगा म्हणाला वायफाय. बायको म्हणाली पंप, मिक्सर. आई म्हणाली, "आमच्या येळेला करंट होता कुठं? पाणी नाही अडत रे, रहाट काढून टाकलासा म्हणून अडतंय."

यादी तिथंच ठरली. पाणी, जळण, आईचं औषध, मग उजेड, आणि फोन सगळ्यांत शेवटी.

23 फेब्रुवारी

विहीर परड्यात, दगडी बांधणीची, व्यास 10 फूट, म्हणजे 3 मीटरला थोडा जास्तच. पंप 1 हॉर्सपॉवरचा. हा पंप बॅटरीवर घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. चालताना तो साधारण 1,000 वॉट धरा, पण सुरू होताना त्याच्या काही पट ओढतो, आणि त्या एका झटक्यासाठी मोठा इन्व्हर्टर बसवावा लागतो. त्यापेक्षा रहाट परत बसवला. जुनं लाकडी चाक माळ्यावर होतं, पण वाळवीनं पोखरलेलं. शॉपमध्ये लोखंडी चाक वळवून घेतलं, आत बेअरिंग घातलं. आता भरलेली घागर मुलगीसुद्धा ओढते.

माणसांना किती पाणी लागतं हे सगळे मोजतात, जनावरांचं कुणी धरत नाही. दुभती म्हैस दिवसाला 50 ते 70 लिटर सहज पिते. दोन म्हशी आणि गाय मिळून आमच्या सगळ्या घरापेक्षा जास्त. म्हणून 1000 लिटरची टाकी गोठ्याच्या बाजूला, 10 फुटी स्टँडवर. पंपानं भरून ठेवायची, उतारानं खाली येईल. जूनपासून रोज संध्याकाळी टाकी भरलेली पाहिजे, हे काम मुलाकडं.

छपराचं पाणी वेगळं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमचं मंगळुरी कौलांचं छप्पर 80 चौरस मीटर भरतं. दिवसात 50 मिलिमीटर पडला, आणि इकडं तो पडतोच, की गळती-उडती वजा करून 3,000 लिटर. पन्हळीला पाईप जोडून दोन पिंपं ठेवली. कौलावरचं शेवाळ आणि पाखरांची घाण पहिल्या सरीत येते, ती बाहेर सोडायला खाली बुचाचा तुकडा. हे पाणी न्हाणी, धुणं आणि गोठ्याला. प्यायला नाही.

16 मार्च

बॅटरीचा हिशेब. बसवणारे लोक हा उलटा करतात, आधी बॅटरी विकतात आणि मग त्यावर काय चालेल ते सांगतात.

दिवे 5, प्रत्येकी 9 वॉट, रोज 5 तास : 225 वॉट-तास. चार मोबाईल, प्रत्येकी 15 : 60. एकूण 285. पंखे धरले तर 30 वॉटचे दोन, 8 तास, म्हणजे आणखी 480. आता जांबोटीच्या बाजूला जुलैत पंखा कोण लावतो? गोधडी घेऊन झोपतो आम्ही. म्हणजे पावसाळ्यात ऊन कमी तसा खर्चही कमी. उन्हाळ्यात पंखे लागतात तेव्हा ऊन रगड. फ्रीज यादीत घेतला नाही, का ते पुढं येईल.

150 अँपिअर-तासाची ट्युब्युलर, 12 व्होल्ट : 1,800 वॉट-तास. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, आयुष्य घटतं. म्हणून हातात 900. पॅनल 335 वॉटचं एक. चांगल्या उन्हात 5 तास धरून, तूट वजा जाता 1,250 च्या आसपास. दाट ढगाच्या दिवशी मी 15 टक्केच धरले, साधारण 190. रोज 285 खर्च आणि 190 जमा, तूट 95. नऊ दिवस सूर्य दिसला नाही तरी घर उजेडात.

ह्या गणितात एक चोर लपलेला असतो. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, एकही दिवा लावला नाही, तरी तो स्वतःसाठी 10 ते 20 वॉट खातो. चोवीस तासांत 240 ते 480. म्हणजे आमच्या सगळ्या दिव्यांपेक्षा जास्त! म्हणून दिवे इन्व्हर्टरवर नाहीतच. 12 व्होल्टचे डीसी बल्ब, बॅटरीवरून फ्यूजमधून सरळ वेगळी लाईन. मोबाईलला गाडीतला यूएसबी सॉकेट भिंतीत. इन्व्हर्टर फक्त मिक्सरपुरता, तेवढाच चालू, लगेच बंद.

डीसीला वायर जाड लागते. 12 व्होल्टात अर्धा-एक व्होल्ट वाटेत गेला तरी लांबचा दिवा मिणमिणतो. आत 2.5 चौरस मिलिमीटर घातली, पॅनलपासून खाली 4 ची सोलर केबल. एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) डीसीचाच घ्यायचा. साधा एसीचा एमसीबी डीसीची ठिणगी तोडू शकेलच असं नाही, आणि दुकानदार बिनदिक्कत तोच हातात देतो.

30 मार्च, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर पॅनल चढवलं. तोंड दक्षिणेला, कल 16 अंश, आपल्या अक्षांशाएवढा. चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीला जुळवून देणारा डबा, एमपीपीटी प्रकारचा; तो जादा व्होल्ट वाया न घालवता बॅटरीजोगे करतो. हे पॅनल साधारण 38 व्होल्टवर काम करतं आणि बॅटरी 12 ची. स्वस्तातला पीडब्ल्यूएम लावला असता तर निम्म्याहून अधिक वीज वायाच. फरक काही हजारांचा आहे, पण तिथं काटकसर करण्यात राम नाही.

बॅटरी सोप्याच्या कोपऱ्यात, वर झरोका असलेल्या जागी. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, त्यामुळं बंद कपाट नको आणि देवघराशेजारी समईजवळ तर मुळीच नको. वहिनींना ती जागा मोकळी दिसत होती. फ्यूज बॅटरीच्या अगदी टोकाशी. अर्थिंगचा खड्डा वेगळा खणला. वळवाच्या विजा ह्या डोंगराच्या कडेला कशा पडतात ते इथल्या माणसाला सांगायला नको.

13 एप्रिल

आईचं इन्सुलिन. फ्रीज बॅटरीवर का घेतला नाही त्याचं उत्तर इथं आहे.

डॉक्टरांशी नीट बसून बोललो. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची हे सगळ्यांना माहीत. पण उघडून वापरात घेतलेली बाटली थंड, सावलीच्या जागी साधारण चार आठवडे चालते. तापमान 25 ते 30 च्या वर जाता कामा नये. कुठल्या प्रकाराला किती दिवस ते खोक्यातल्या कागदावर असतं, आईचं आम्ही वाचून घेतलं. फ्रीज बंद पडला म्हणून बाहेर काढलेल्या बाटलीलाही तोच हिशेब. तेव्हा बाहेर काढली त्या दिवशी खोक्यावर पेननं तारीख घालायची. फ्रीजरच्या कप्प्याला चिकटून गोठली असेल तर टाकून द्यायची, पुन्हा पातळ झाली तरी.

जुलैत आमच्या सोप्यात पारा 25 च्या वर क्वचित जातो. अडचण आत्ताची, एप्रिलची. त्यासाठी मडक्यात मडकं. मोठ्या मडक्यात बारीक वाळू, त्यात लहान मडकं, वाळू ओली ठेवायची, वर ओलं फडकं. बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून आत. आज दुपारी सोप्यात 34 होतं, डबीत 26. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा हे असं उतरणार नाही, पण तेव्हा गरजही नाही.

आईच्या साखरेच्या मशीनच्या पट्ट्या, सुया आणि रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभराच्या जादा आणल्या. सोबत खडीसाखर. साखर एकाएकी उतरली तर रस्ता बंद असताना तीच पहिला उपाय.

27 एप्रिल

जळण. गॅसचे दोन सिलिंडर, त्यातला एक मृगाच्या आधी भरलेला असणार. तरी चूल जिवंत ठेवायची. बांधावरच्या काजू-आंब्याच्या फांद्या तोडून माळ्याखाली रचल्या. आरक्षित जंगलातल्या काटकीला हात लावलेला नाही, नसती कटकट नको. शेणी वहिनींनी रचून वरून लिंपून घेतल्या.

परड्यातला जुना गोबरगॅस परत चालू करावा असं दादांच्या मनात होतं. दीनबंधू पद्धतीचा, विटांचा घुमट. तडा गेलाय. दादा झाकण काढून आत उतरायला निघालेले, हाताला धरून मागं ओढलं. असल्या टाकीत मिथेन असतो, हायड्रोजन सल्फाईड असतो आणि प्राणवायू नसतो. उतरलेला माणूस हाकही मारू शकत नाही, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही आतच राहतो. गवंडी मिळेपर्यंत विषय बंद.

घरात सगळ्यांना बजावलेलं एक : थंडी वाजते म्हणून निखाऱ्याची शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपायचं नाही.

11 मे

आत्याकडं जाऊन आलो. तिचं गाव चिकोडी तालुक्यात दूधगंगेच्या काठी. जिल्हा एकच, पण तयारीची तऱ्हा पार उलटी. आम्ही अडकतो, तेव्हा आम्हाला घरात टिकायचं असतं. त्यांच्याकडं पाणी दारात येतं, तेव्हा त्यांना वेळेत निघायचं असतं. आमच्याकडच्या टाक्या-बॅटऱ्यांचा तिला काडीचा उपयोग नाही.

2019 च्या ऑगस्टात पाणी घरात शिरलं, 2021 च्या जुलैत पुन्हा. दोन्ही वेळा निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर पाणी आलं, पुण्याकडची वाहतूक थांबली. सोप्याच्या भिंतीवर 2019 ची तपकिरी रेघ अजून दिसते, माझ्या खांद्याएवढी. आत्यानं रंग देताना ती रेघ मुद्दाम ठेवून घेतली आणि नवीन वायरिंग करताना सगळे बोर्ड तिच्या वीतभर वर घ्यायला लावले. स्विच दाबायला नातवंडांना स्टूल लागतं. इलेक्ट्रिशियन हसत होता म्हणे. ती म्हणाली, "हसू दे की. पाणी उतरल्यावर बोर्ड उघडून चिखल काढायला तो येणाराय काय?"

तिची पिशवी बघितली. जुनी रेक्झिनची, आत प्लास्टिक. जमिनीचे उतारे, आधार, पासबुक, रेशन कार्ड, जनावरांच्या विम्याचे कागद, चष्मा, गोळ्या, सुटे पैसे. एटीएम बंद असतं म्हणून शंभराच्याच नोटा. मी त्यात एक टॉर्च आणि कागदावर लिहिलेले फोन नंबर घातले. फोन बंद पडला की हल्ली स्वतःच्या मुलाचा नंबर कुणाला सांगता येत नाही. पिशवी उचलून बघायला लावली. तिच्या गुडघ्यांना ती झेपली पाहिजे, नाहीतर पाण्याची बाटली बाहेर.

निघायचं कधी, ह्यावर तिचा आणि तिच्या मुलाचा वाद. मुलगा म्हणतो पाणी कोपऱ्यावरच्या देवळाला लागलं की निघू. आत्या म्हणते काळम्मावाडी धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की जनावरं आधी उंचावर, तिच्या दिराच्या माळावर. मी आत्याच्या बाजूचा. माणसं बोटीत बसतात, म्हैस बसत नाही. आणि काहीच जमलं नाही तर दावं तरी कापायचं, बांधलेलं जनावर सोडून जायचं नाही.

पुराच्या सूचना मोबाईलवर कानडीत येतात. आत्याला मराठीच वाचता येतं. ते काम सातवीतल्या नातीकडं आहे, आणि ती हे काम फार मिजाशीत करते.

26 मे

यंदा पावसानं सगळ्यांची गंमत केली. मान्सून 24 मे लाच केरळात आला, 2009 नंतर इतक्या लवकर कधी नाही. इकडं वळीव थांबलाच नाही, त्यातच हा. धूळवाफ पेरणी करायची तर धूळच राहिली नाही, शेतात नुसता चिखल. माळ्याखालचं जळण वाचलं, अंगणात वाळत घातलेलं भिजलं. भात गिरणीवर न्यायचं जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरलं होतं, ते आज ताडपत्री टाकून नेलं. गिरणीला करंट लागतो, घरात कणगीभर भात असून तांदूळ नाही अशी वेळ यायला नको. तांदूळ पत्र्याच्या डब्यांत, कडुलिंबाचा पाला घालून. नाचणी, हुलगे, तिखट, लोणचं आहेच. खायच्या बाबतीत आईला कुणी शिकवायला नको.

8 जून, मृग

विहिरीत ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीची माणसं मूठभर पावडर वरून फेकून जातात, त्याचा उपयोग थोडा. हिशेब सोपा आहे. व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची उंची, गुणिले 3.14, भागिले 4. आमचं 3 गुणिले 3 गुणिले 4 मीटर, म्हणजे 28 घनमीटर, 28,000 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम, तेव्हा 70 ग्रॅम.

बादलीत थोडं पाणी घेऊन पावडरची पेस्ट करायची, गुठळी राहू द्यायची नाही. मग बादली पाऊण भरून ढवळायची आणि दहा मिनिटं निवळू द्यायची. चुना तळाला बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत, आणि ती बादली दोरानं विहिरीत खाली सोडून पाण्याच्या आत वर-खाली करत फिरवायची. तळाचा चुना विहिरीत ओतायचा नाही, पाण्याचा जडपणा वाढतो. हे रात्री केलं की सकाळपर्यंत पाणी वापरायला तयार. पावडर ताजी हवी, उघड्या पुडीतली जुनी म्हणजे नुसती पांढरी माती. पाणी गढूळ असताना मात्र क्लोरिन गाळातच खर्ची पडतो, तेव्हा घागरीत तुरटी फिरवून, गाळून, उकळून.

6 जुलै

एकादशीचा उपास आणि जनरेटरचा वाद एकाच दिवशी. दादांना पेट्रोलचा जनरेटर घ्यायचा आहे, पंपासाठी. मी नको म्हटलं नाही, दोन अटी घातल्या. चेंजओव्हर स्विचशिवाय (एका वेळी लाईन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) घराच्या लाईनीला जोडायचा नाही, आणि गोठ्यात किंवा सोप्यात चालवायचा नाही, धूर दिसत नाही पण जीव घेतो. पेट्रोल साठवायचं कुठं ह्यावर गाडं अडलं. अडू दे.

तरणा पाऊस लागलाय.

20 जुलै

शुक्रवारी संध्याकाळी करंट गेला. नाक्याजवळ झाड पडून दोन डांब आडवे झालेत. 1912 ह्या हेल्पलाईनला तक्रार लागली, त्यानंतर टॉवरच गेला, त्याचीही बॅटरी संपली असणार. घरात पाचही दिवे व्यवस्थित. सकाळी लोड काढून, थोडा वेळ थांबून व्होल्टेज बघतो : काल 12.6, आज 12.5. ही बॅटरी भरलेली 12.7 ला आणि निम्मी 12.2 ला, तेव्हा चिंता नाही.

एक गोष्ट हिशेबात नव्हती. आळीतली सगळी माणसं मोबाईल घेऊन सोप्यात. वीस फोन म्हणजे 300 वॉट-तास, आमच्या अख्ख्या घराच्या वर. नाही म्हणायची सोय नाही आणि म्हणायचंही नाही. पण रेंज नसताना एवढं चार्जिंग कशाला, हे एका काकांना विचारलं. "उजेडाला गा. रात्री परसाकडं जायचं तर बॅटरी नको?" म्हणजे स्मार्टफोन टॉर्च म्हणून वापरतायत सगळे! मग नियम केला. चार्जिंग दहा ते तीन, पॅनल देत असताना. बटणाचे फोन आधी, त्यांना चार वॉट-तासांत दोन दिवस निघतात. घरातले दोन जादा टॉर्च ज्यांच्याकडं म्हातारी माणसं आहेत त्यांना दिले. ह्या दिवसांत पायवाटेवर घोणस, मण्यार निघतात, उजेड तिथं हवा. साप चावला तर कापाकापी, बांधाबांधी न करता सरळ दवाखाना, हेही पोरांना पुन्हा सांगून झालं.

23 जुलै

काल दुपारी करंट आला. बॅटरी सगळ्यांत खाली गेली ती 12.4. रहाटाचा दोर एका जागी झिजलाय. टाकी रोज भरायचं मुलाचं काम शुक्रवारी झालेलं होतं, त्यामुळं गोठ्याला रविवारपर्यंत रहाट ओढावाच लागला नाही. आईची बाटली फ्रीजमधून शुक्रवारी रात्री बाहेर काढली, तारीख घातलीय, आता तीच वापरात.

आत्याकडं दूधगंगा पात्राबाहेर आहे, पण देवळापासून लांब. म्हशी मात्र माळावर पोचल्यात. तिचा मुलगा बडबडत नेऊन आला म्हणे.

3 ऑगस्ट

राहिलेली कामं. दोर बदलायचा, नायलॉनचा नको, हाताला कापतो, काथ्याचाच. आळीसाठी एक वेगळं लहान पॅनल आणि आठ-दहा यूएसबी सॉकेटचा बोर्ड समाजमंदिरात बसवता येईल का, हे पंचायतीत विचारायचं. खर्च वाटून घ्यायला सहा घरं तयार आहेत. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर बघायचं, सहा खणांपैकी दोन थोडे उतरलेत. दादांचा जनरेटर गणपतीनंतर बघू. गोबरगॅसला गवंडी दसऱ्याच्या आत येतो म्हणालाय, आला तर.